जिना मोकळा आहे

आमच्या ब जिन्यात कुणी कुणाला भेटत नाही. म्हणजे आमच्यात भांडणं आहेत असं समजू नका, हा सभ्यपणा आहे. बाहेर जायचं असलं की माणसाने आधी बूट घालावेत, कोट चढवावा, टोपी कानांवर ओढावी, मग दाराच्या भोकाला डोळा लावून कान टवकारून उभं राहावं. कुठल्याही मजल्यावर कडी वाजली की थांबावं. तो माणूस खाली जाईल, बाहेरचं दार आपटेल, मग आपण निघावं. कारण समोरासमोर आलं की नमस्कार म्हणावा लागतो, आणि नमस्कार म्हटल्यावर पुढे काय म्हणायचं हे निदान आमच्या ताम्पेरे शहरात तरी अजून कुणाला सापडलेलं नाही.

वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. पण या हिवाळ्यात आमच्या सोसायटीने लिफ्ट बदलायला काढली. जुनी लिफ्ट नेली आणि नवी काही येईना. लिफ्ट होती तोवर निम्मी माणसं त्या पेटीत बसून गुपचूप वरखाली व्हायची. आता सगळ्यांचे पाय एकाच जिन्यात. सकाळी दारादारामागे माणसं कोट घालून घामाघूम उभी. माझ्या बाबांनी तर एकदा ऑफिसची अख्खी मीटिंग दाराआडून फोनवर उरकली, टोपीसकट.

पण सगळ्यात जास्त उभे राहायचे ते चौथ्या मजल्यावरचे माझे अर्मास आजोबा. आम्ही दुसऱ्यावर. ऑक्टोबरात हेल्लेवी आजी गेली. त्याआधी दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आजोबा पोहण्याच्या तलावावर जायचे. पोहायला कमी, तिथल्या सौनात, म्हणजे तापलेल्या लाकडी खोलीत घाम गाळत, बसायला जास्त. आजी गेल्यावर झालं असं, की जिन्यात जो कोणी भेटे तो दोन पायऱ्या वर थांबे, चेहरा लांब करी, तोंड उघडी आणि मिटी. आजोबाही उघडत आणि मिटत. तिसऱ्या मजल्यावरचे लुओमा आणि आजोबा असे एकदा काचेच्या टाकीतल्या दोन माशांसारखे उभे होते, ते आमच्या जिन्यातला दिवा आपोआप विझेपर्यंत. तो दिवा बटण दाबलं की लागतो आणि थोड्या वेळाने आपला आपण जातो. तो गेला, तेव्हा अंधाराचा फायदा घेऊन दोघेही सटकले.

त्या दिवशी आजोबांनी ठरवलं, जिना पुरता मोकळा असल्याशिवाय दार उघडायचं नाही. आणि जिना काही मोकळा होईना. बस निघून जायची. आजोबा कोट काढून खुंटीला अडकवायचे. हळूहळू तो खुंटीवरून काढणंही बंद झालं. वाणसामान बाबा वर पोचवायचे.

"आजोबा, तलावावर जाऊन या ना."

"थंडी आहे."

"मार्च संपला."

"मार्चनंतरची थंडी फार फसवी असते," आजोबा म्हणायचे आणि खिडकीतून बसकडे बघायचे.

आता इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मला आवडतं. माझं नाव सोइन्तु, मी नववीत आहे. आठवीपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. गेल्या शरदात एकदा चुकून हात वर गेला आणि मी बोलले. छत कोसळलं नाही. तेव्हापासून मी थांबलेले नाही. आईचं म्हणणं, आता अधूनमधून थांबायला हरकत नाही.

तर नववीत आम्हाला उद्योजकता नावाचा विषय आहे. प्रत्येक गटाने एक छोटी कंपनी काढायची. माझ्या गटातल्या मुलींनी सुगंधी मेणबत्त्या ठरवल्या. मी म्हटलं, जगात मेणबत्त्या पुष्कळ आहेत. त्या म्हणाल्या, तूही पुष्कळ आहेस. म्हणून मी वर्गासमोर उभी राहिले आणि जाहीर केलं, "मी एकटीच कंपनी काढणार." सगळा वर्ग गप्प. आमच्याकडे गप्प बसणं हे टाळ्यांच्या फार जवळचं असतं, तेव्हा मी नम्रपणे मान लववली.

"आणि बनवणार काय?" कायसाने विचारलं. कायसा म्हणजे आमची शिक्षिका.

"जिना मोकळा आहे की नाही ते फोनवर सांगणारं अ‍ॅप. हिरवा ठिपका म्हणजे निघा, लाल म्हणजे थांबा."

कायसा माझ्या अगदी जवळ आली. मग हळूच म्हणाली, "आमच्या जिन्यात कधी येईल?"

या विषयातला पहिला धडा असा, की आधी जेमतेम चालेल एवढाच माल बनवायचा. धंद्याच्या भाषेत त्याला एमव्हीपी म्हणतात. आमच्या वर्गात 'जेमतेम माल'. कायसा म्हणते, सौना बांधायच्या आधी घाम गाळायला कोण कोण येणार ते बघून घ्या. "शाळेचा मेळा एप्रिलच्या शेवटी, तिथे सगळ्यांनी आपापला माल मांडायचा," तिने मला बजावलं. "त्याआधी दहा खऱ्या माणसांनी तुझा माल वापरताना मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. नाहीतर कंपनी कागदावर राहिली असं मी लिहिणार."

कायसाला दहा गिऱ्हाइकं हवी होती. मला खरं तर एकच हवं होतं, चौथ्या मजल्यावरचं. पण हे मी वर्गात बोलले नाही. उद्योजकाने सगळे पत्ते उघडे करायचे नसतात.

मालाचा आराखडा मी एका संध्याकाळी करून टाकला: जिन्यात माणूस हलला की ओळखणारं एक चिमुकलं यंत्र, आणि फोनवर ठिपका. सोपं. मग मी सोसायटीचे चेअरमन यालावा यांच्याकडे गेले, आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणजे काय ते मला कळलं. यालावा पहिल्या मजल्यावर राहतात आणि नियमावली उशाशी घेऊन झोपतात असं बाबा म्हणतात.

"यंत्र भिंतीला लावणार?" त्यांनी विचारलं.

"एवढंसं आहे हो."

"भिंत सोसायटीची आहे."

"मग छताला लावते."

"आमचं छत म्हणजे तुमची फरशी. ते तर दोनदा सोसायटीचं."

"मग हवेत टांगते."

यालावांनी यावर खरोखर विचार केला. "हवेबद्दल नियमावली काही म्हणत नाही," ते कबूल झाले. "पण दोरी कशाला तरी बांधावी लागेल, आणि ते जे काही असेल ते सोसायटीचं."

"मग परवानगी कोण देतं?"

"मंडळ. मंडळाची सभा लिफ्ट बसल्यावर."

"लिफ्ट कधी बसणार?"

"ते मंडळाच्या सभेत कळेल." मग ते जरा मऊ झाले. "कल्पना मात्र चांगली आहे गं." आणि मला बाहेर सोडण्याआधी त्यांनी दाराच्या भोकातून जिना तपासून घेतला.

मी रडवेली होऊन कायसाकडे गेले. ती म्हणाली, "यंत्र करतं काय? बघतं आणि सांगतं. तुला डोळे आहेत. सांगण्याबद्दल तर आम्हाला कुणालाच शंका नाही."

म्हणजे यंत्र मीच. जेमतेम मालात यालाही मुभा असते म्हणे: आत माणूस बसवायचा, बाहेरून यंत्र वाटलं म्हणजे झालं. ठिपका पाठवायला फोनवर एक ग्रुप पुरे. आता फक्त गिऱ्हाइकं जमवायची होती. पण ज्या जिन्यात कुणी कुणाशी बोलत नाही तिथे 'तुम्हाला कुणाशी बोलावं लागू नये म्हणून' हे तरी कसं सांगणार? आमच्याकडे न सांगता बेल वाजली तर दोनच अर्थ होतात: कुणीतरी गेलं, नाहीतर कुठेतरी पाणी गळतंय.

मी पहिल्या मजल्यावरच्या तिक्काबाईंची बेल वाजवली. आत सगळे आवाज थांबले. मग खालून, दारातली पत्रं टाकायची झडप किलकिली झाली. मी गुडघ्यांवर बसले.

"कोण आहे?" झडप म्हणाली.

"मी सोइन्तु, दुसऱ्या मजल्यावरची."

"काय गळतंय?"

"काही नाही."

"मग? जाहिरात असेल तर दारावर पाटी आहे, वाचता येत असेल तर वाच."

"जाहिरात नाही हो, सेवा आहे."

"सेवा तर मुळीच नको."

मी झडपेला तोंड लावून सगळं समजावलं. मधेच वरच्या मजल्यावर कडी वाजली, तेव्हा आम्ही दोघीही श्वास रोखून बसलो. मग झडपेत एक डोळा आला.

"म्हणजे जिन्यात कुणी भेटणार नाही?"

"कुणीही नाही."

"चौथ्या मजल्यावरचे सुद्धा?"

हे मला लागलं. माझ्या आजोबांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? "ते तर मुळीच भेटणार नाहीत," मी घुश्शात म्हटलं.

"लाव माझं नाव," झडप म्हणाली आणि मिटली.

अशीच मी बाकीची दारं केली. आणि एक गंमत सांगते: ज्यांना कधी नमस्कारापुढचा शब्द सुचला नाही, त्या सगळ्यांना माझ्या मालात सुधारणा मात्र धडाधड सुचल्या. तिक्काबाईंना कुत्र्यांसाठी वेगळा रंग हवा होता. लुओमांना नुसतं 'कुणीतरी आहे' चालेना. "कोण आहे ते पाहिजे. तिक्काबाई असतील तर मी थोडं थांबेन, यालावा असतील तर जास्त थांबेन. सगळ्यांना एकच लाल कसा चालेल?" यालावांनी, मंडळाच्या वतीने नव्हे तर खाजगीत, कचऱ्याच्या खोलीचाही ठिपका मागितला. आणि बाबा. बाबा इंजिनियर आहेत, त्यामुळे ते मदत करतात आणि मग काहीच होत नाही.

"आधी व्याख्या कर," जेवताना वाटाण्याचं सूप ढवळत बाबा म्हणाले. "जिना म्हणजे काय? उंबरठा त्यात येतो का? माणूस अर्धा दारात असेल तर ठिपका कुठला?"

"अर्धा लाल," आई म्हणाली. "आणि त्या दगडी पायऱ्यांवर बसणार असशील तर लोकरी चड्डी घाल."

सगळ्या सल्ल्यांत तेवढा एकच कामाचा ठरला.

शेवटी आजोबा. त्यांची बेल मला वाजवावी लागत नाही, माझ्याकडे किल्ली आहे.

"मला कुठे जायचंय?" आजोबा म्हणाले.

"तलावावर. शुक्रवारी. हिरवा आला की निघायचं, कुणी भेटणार नाही, कुणी तोंड उघडून मिटणार नाही."

"थंडी आहे."

"आजोबा, एप्रिल आहे. माझ्या कंपनीचा प्रश्न आहे."

त्यांनी खुंटीवरच्या कोटाकडे बघितलं. त्याच्या खांद्यांवर धूळ बसली होती. "कंपनीचा प्रश्न असेल तर बघू," ते म्हणाले.

पहिली चाचणी. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर स्टूल टाकून मी बसले, कारण तिथून वरचंही दिसतं आणि खालचंही. कुणी नव्हतं. मी हिरवा पाठवला. खाली तिक्काबाईंचं दार उघडलं, टोपी बाहेर आली, वर बघितलं, आत गेली. दार बंद. मग ग्रुपवर:

"जिन्यात कुणीतरी आहे."

मी लिहिलं, "कुणी नाही, ती मी आहे."

"म्हणजे आहे."

"मी धरायची नाही. मी यंत्र आहे."

"यंत्राने मला बघून हात हलवला," तिक्काबाईंनी लिहिलं.

तर माझ्या मालात एकच दोष होता: माल. जिना मोकळा आहे हे बघायला जिन्यात कुणीतरी हवं, आणि कुणीतरी असलं की जिना मोकळा नाही. यावर बाबा दोन दिवस अत्यंत आनंदात होते. भरीस भर म्हणजे दुसऱ्या दिवशी वळणावर एक छापील नोटीस चिकटवलेली सापडली: 'स्टुलाच्या मालकास. जिन्यात सामान ठेवणे आगीच्या दृष्टीने मना आहे. स्टूल त्वरित हलवावे. मंडळ.' गंमत म्हणजे ती वाचायची तर स्टुलावरच चढावं लागत होतं. मी यालावांना जाऊन म्हटलं, स्टूल कुणाचं ते तुम्हाला ठाऊक आहे, सरळ मला सांगायचं होतं. ते भांबावले. "समोर येऊन?" ते म्हणाले.

मग मी तळमजल्यावर जिन्याखालच्या बाबागाड्यांच्या खोलीत मुक्काम हलवला. तिथून दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. विशेषतः एप्रिलमध्ये. हिवाळाभर बर्फावर घसरू नये म्हणून रस्त्यांवर जी खडी टाकतात ती वसंतात प्रत्येकाच्या बुटांत अडकून घरी येते, आणि दगडी पायऱ्यांवर करकरते. मी खडीवरून माणसं ओळखायला शिकले. लुओमा डावा पाय ओढतात. तिक्काबाई दर दोन पायऱ्यांनी बूट झटकतात. यालावा आधी मधल्या वळणापर्यंत चढून जातात, नोटीस जागेवर आहे ना ते बघायला. त्या अंधाऱ्या खोलीत दोन बाबागाड्या आणि बर्फावरच्या एका घसरगाडीच्या मधे बसून मी डोळे मिटून अख्खा जिना डोळ्यांपुढे आणायचे, आणि खरं सांगते, मला स्वतःबद्दल अत्यंत आदर वाटायचा.

तो आदर फार टिकला नाही. एका सकाळी दार उघडलं, दिवा लागला, आणि नव्याने राहायला आलेली एक बाळाची आई माझ्याकडे बघत उभी राहिली. मी तिच्या बाबागाडीला टेकून लोकरी चड्डीत बसले होते.

"तू काय करतेस इथे?" तिने विचारलं.

प्रतिष्ठेने उत्तर देण्यासारखं एकच वाक्य माझ्यापाशी होतं. "मी यंत्र आहे," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. गाडी काढून घेतली, दार हळूच लावलं. थोड्या वेळाने पुन्हा उघडलं. "कसलं?"

ती दहावी गिऱ्हाईक.

आणि गाडी खरंच रुळावर आली. सकाळी मी ठिपके पाठवायचे, मग धावत शाळेत जायचे. एकेक दार उघडायचं, माणूस राजासारखा एकटा जिना उतरायचा. गिऱ्हाइकं खूश होती. कुणी काही बोलत नव्हतं, यावरून ते उघड होतं. फक्त चौथ्या मजल्यावरचं दार उघडत नव्हतं. आजोबा ठिपका बघायचे, कारण तो वाचला गेल्याचं मला दिसायचं. मी वर गेले तर म्हणायचे, "आज गुडघा दुखतोय." उद्या दुसरा गुडघा.

मेळ्याच्या आधीच्या शुक्रवारी कायसा पाहणीला आली. तिला मी बाबागाड्यांच्या खोलीत घसरगाडीवर बसवलं. आणि आदल्या संध्याकाळी आजोबांकडून वचन घेतलं होतं. त्यांनी टॉवेल आणि साबण भरलेली पिशवी दाराशी ठेवली होती, ती मी उचलून पाहिली. जड होती. रिकामी पिशवी ठेवून मला बनवणार नव्हते तर.

पण त्याच सकाळी लिफ्टवाले कामगार उगवले. वर गेले, खाली आले, हातोडे विसरले, परत वर गेले. त्यांना मुळीच पाचपोच नाही. ते जिन्यात बोलतातसुद्धा. मी लाल पाठवला. लालच ठेवला. ग्रुपवर पहिलं प्रश्नचिन्ह लुओमांचं आलं. मग तिक्काबाईंचं. मग बाळाच्या आईचं: "बाळाला स्वेटर, टोपी, सगळं घातलंय, ते आता उकडतंय." मग, ग्रुपवर पहिल्यांदाच, आजोबांचं: "कोट घातला आहे."

मी फोन कायसाच्या नाकाशी धरला. "घातलाय," मी कायसाला म्हटलं. "त्यांनी कोट घातलाय." तिला काही कळलं नाही, पण तिने माझा खांदा थोपटला.

शेवटी कामगार धाडधाड खाली उतरले, बाहेर गेले, दार आपटलं. मी कान देऊन ऐकलं. खडीचा एक दाणा हलत नव्हता. आमच्या ब जिन्याच्या इतिहासात इतका मोकळा जिना कुणी बघितला नसेल. मी हिरवा पाठवला.

आणि तेव्हा मला माझ्या मालाचा दुसरा दोष कळला. तुम्हाला बहुतेक आधीच कळला असेल.

एक कडी वाजली. तिच्यावर दुसरी. मग तिसरी, चौथी, सगळ्याच. दाराआड कोट घालून ताटकळलेली सगळी माणसं एकाच ठिपक्यावर, एकाच क्षणी, बाहेर पडली. मी आणि कायसा दार फटीएवढं उघडून वर बघत होतो. प्रत्येक मजल्यावर कुणीतरी थिजून उभं. परत आत जावं, तर दिसलो आहोत. आणि दिसल्यावर परत फिरणं हे भेटण्यापेक्षाही वाईट. तेव्हा सगळे निमूटपणे उतरू लागले, मधे सारखं अंतर ठेवून, नजर पुढच्याच्या टाचांवर. शेवटी, सगळ्यात वरून, एक जुना जड कोट.

तिक्काबाईंनी बाहेरचं दार ढकललं. ते वीतभर उघडलं आणि अडकलं. बाहेर लिफ्टचं भलंमोठं खोकं उभं होतं.

"जरा थांबा," फटीतून कामगार म्हणाला. "हे हलवायला क्रेन येतेय."

"आम्हाला बाहेर जायचंय," यालावा म्हणाले.

"सगळ्यांना?" कामगाराने आत डोकावून बघितलं. "कुठे सहल वगैरे आहे का?"

तळमजल्यावर पायऱ्यांवर सगळा ब जिना उभा होता. कुणी पत्रांच्या पेट्यांवरची नावं वाचत होतं, स्वतःचंही. बाळ टकामका बघत होतं. त्याने इतकी माणसं एकत्र पहिल्यांदाच बघितली असावीत. यालावा खाकरले, पण नियमावलीतही काही सापडलं नाही वाटतं. आजोबा शेवटच्या पायरीच्या वर पिशवी छातीशी धरून उभे होते, आणि आता सगळ्यांचे चेहरे हळूहळू लांब होऊ लागले होते. मला वाटलं, संपलं. मीच त्यांना गोड बोलून पिंजऱ्यात आणलं. आता हे परत वर जातील आणि तो कोट खुंटीवरून कधीच निघणार नाही.

तेवढ्यात जिन्यातला दिवा विझला.

माझा हात बटणाकडे गेला. कायसाने तो धरला.

बराच वेळ नुसते कोट घासल्याचे आवाज. मग अंधारात तिक्काबाईंचा आवाज आला. "अर्मास, हेल्लेवीचा केकचा साचा माझ्याकडे आहे."

आजोबांची पिशवी भिंतीला घासली.

"ऑक्टोबरपासून. परत द्यायचा तर बेल वाजवायला हवी होती. बेल वाजवली की मग काहीतरी बोलायला हवं होतं. रोज म्हटलं, उद्या. मग इतके दिवस झाले की साच्याचीच लाज वाटायला लागली. तुमची चाहूल लागली की मी दार लावून घ्यायचे."

"मधे भोक असलेला?" आजोबांचा आवाज.

"तोच."

"मी घरभर शोधला तो. म्हणजे तुम्ही दार लावायचात ते साच्यामुळे."

"मग कशामुळे?"

"तुमची शिडी माझ्याकडे आहे, अर्मास," लुओमा घाईघाईने म्हणाले. "आता विषय निघालाच आहे म्हणून."

"आणि यालावा, तुमच्याकडे माझं काय आहे?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही," यालावा म्हणाले.

"मग मला का टाळता?"

"मी सगळ्यांनाच टाळतो," यालावा म्हणाले. "तुमचं वेगळं असं काही नाही."

कुणीतरी हसलं. बहुधा बाळाची आई. मग आजोबा म्हणाले, "तिचा केक नेहमी एका बाजूने करपायचा. साचाच वाकडा आहे म्हणायची. आयुष्यभर त्या साच्याला शिव्या दिल्या तिने."

"साचा सरळ आहे," तिक्काबाई म्हणाल्या. "मी त्यात करून बघितला. उत्तम होतो."

आणि मग आजोबा हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून, पिशवीतली साबणाची डबी खडखडेपर्यंत. "सांगायला हवं होतं तिला," ते म्हणत होते, "कुणीतरी तिला सांगायला हवं होतं." नंतर ते हसत होते की नाही ते अंधारात नीट कळलं नाही. तिक्काबाई म्हणाल्या, "हं." लुओमाही म्हणाले, "हं." झालं, एवढंच. ऑक्टोबरपासून सगळ्यांच्या तोंडात अडकलं होतं ते एवढंसंच होतं.

दिवा कुणीही लावला नाही, ते खोकं हलून दारातून उजेड येईपर्यंत.

बस अर्थातच गेली होती. आजोबा आणि लुओमा पुढच्या बसने तलावावर गेले. वेगवेगळ्या बाकांवर बसले होते. माणसं बदलतात, पण इतकी नाही.

कायसाने घसरगाडीवरून उठताना स्कर्टची धूळ झटकली. "गिऱ्हाइकांनी जे मागितलं होतं," ती म्हणाली, "त्याच्या बरोब्बर उलट तुझ्या मालाने दिलं."

"म्हणजे नापास?"

"मी तसं म्हणाले का? मेळ्यात ये."

मेळ्यात पहिलं बक्षीस सुगंधी मेणबत्त्यांना मिळालं. त्यांच्या टेबलाशी परीक्षकांना शिंका आल्या, तरी मिळालं. माझ्या टेबलावर दाखवायला काही नव्हतंच. मी स्वतः उभी राहिले आणि तोंडाने सांगितलं, बोलत राहिले, ते टेबलं आवरेपर्यंत. आजोबा आले होते. तिक्काबाईंनी दिलेल्या केकचा तुकडा कागदात गुंडाळून आणला होता. एका बाजूने करपलेला. "मुद्दाम करपवून घेतला," ते म्हणाले. "नाहीतर चव लागत नाही."

मला वाटलं, कंपनी बुडाली. सोमवारी ग्रुपवर कुणी प्रश्नचिन्हही टाकलं नाही. मंगळवारी मी सवयीने बाबागाड्यांच्या खोलीत जाऊन बसले. ऐकलं, जिना मोकळा होता. हिरवा पाठवला. एकही कडी वाजली नाही. पुन्हा पाठवला. काही नाही. मग आजोबांचा निरोप आला.

"हिरवा दिसतोय. कोट घालून केव्हाचा उभा आहे. लाल कधी होणार?"

मी लाल पाठवला, आणि तो खोटा ठरू नये म्हणून स्वतः बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले.